शेवटचा शब्द कोणाचा? एर्ना शेफ्लर आणि १९५९ चा कार्ल्सरूहेचा निकाल

रानजाई

मुलांच्या बाबतीत आईवडिलांनी मिळून ठरवावं. एकमत झालं नाही तर वडील ठरवतील. मात्र त्यांनी आईचं म्हणणं लक्षात घ्यावं.

मनुस्मृती उघडायला जाऊ नका. हे पश्चिम जर्मनीतलं १९५७ सालचं कलम आहे आणि ज्या कायद्यात ते होतं त्याचं नावच समान हक्कांचा कायदा! नागरी संहितेचं कलम १६२८. त्याला लागून १६२९: मुलाच्या वतीने सही करायची, कोर्टात उभं राहायचं, तर तो हक्क एकट्या वडिलांचा. कायदा १ जुलै १९५८ ला लागू झाला आणि २९ जुलै १९५९ ला कार्ल्सरूहे शहरातल्या घटना-न्यायालयाने यातला वडिलांचा वरचष्मा रद्दबातल ठरवला. निकाल देणाऱ्या सिनेटमध्ये (म्हणजे त्या न्यायालयाच्या पीठात) एकच बाई होती, एर्ना शेफ्लर. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायाधीश रूथ बेडर गिन्सबर्गवर आपल्याकडे भरभरून लिहिलं गेलं. शेफ्लरबाईंचं नाव मात्र मराठीत कुठे वाचल्याचं आठवत नाही, म्हणून हा धागा.

आधी नवऱ्याची सत्ता किती होती ते बघा. १९०० पासून लागू असलेल्या जर्मन नागरी संहितेत संसारातल्या सगळ्या बाबतींत निर्णय नवऱ्याचा. राहायचं कुठल्या गावात आणि कुठल्या घरात, हेही तोच ठरवणार. बायकोने माहेरून आणलेल्या मालमत्तेचा कारभार त्याच्याकडे. तिने कुठे नोकरी धरली आणि ती याला पसंत नसली, तर कोर्टाची परवानगी काढून हा परस्पर तिच्या मालकाला कळवून नोकरी संपवू शकत होता. नोकरी तिची, राजीनामा याचा.

युद्धानंतर नवी राज्यघटना लिहायला पासष्ट माणसं बसली, त्यांत चार बायका. त्यांतल्या एलिझाबेथ झेल्बर्ट या वकीलबाईंनी हट्ट धरला की पुरुष आणि स्त्रिया समान हक्कांचे आहेत, हे वाक्य मोघमपणा न करता घटनेत आलं पाहिजे. आधी ते फेटाळलं गेलं. मग बाई गावोगाव फिरल्या, देशभरातून बायकांच्या पत्रांचा पाऊस पडला आणि वाक्य आत आलं. पण पाचर होतीच. घटनेच्याच कलम ११७ ने समानतेशी विसंगत जुन्या कायद्यांना ३१ मार्च १९५३ पर्यंत मुदत दिली. तोवर संसदेने कायदे सुधारायचे. संसदेने काय केलं असेल? काही नाही. मुदत उलटून गेली.

आता शेफ्लरबाई. जन्म १८९३, ब्रेस्लाउ (आजचं पोलंडमधलं व्रोत्स्वाफ). १९१४ मध्ये कायद्याची डॉक्टरेट. पण न्यायाधीश होण्यासाठी ज्या सरकारी परीक्षा लागतात त्या बायकांना बंद होत्या आणि तो दरवाजा उघडला १९२२ साली. दरम्यान लग्न झालं, मुलगी झाली, घटस्फोट झाला. परीक्षा देऊन बर्लिनमध्ये वकिली केली आणि हिटलर यायच्या तोंडावर न्यायाधीशपद मिळालं. १९३३ मध्ये ते गेलं, कारण वडील ज्यू. गेओर्ग शेफ्लर या न्यायाधीशाशी लग्न करायचं होतं, तर त्याला नाझी राजवटीने परवानगी दिली नाही. युद्धाचे शेवटचे महिने त्यांनी बर्लिनमध्ये बागेतल्या एका झोपडीत लपून काढले. लग्न लागलं १९४५ मध्ये, राजवट पडल्यावर. सरकार दोन माणसांच्या मधे येऊन बसतं म्हणजे काय, हे या बाईंना पुस्तकातून शिकायची गरज नव्हती.

१९५० मध्ये फ्रँकफुर्टला देशभरच्या कायदेपंडितांचं अधिवेशन भरलं, त्यात समानतेच्या कलमानुसार कुटुंब कायदा कसा बदलावा यावर त्यांनी भाषण केलं. नवऱ्याचा निर्णयाधिकार काढा, मुलांवरचा अधिकार दोघांना सारखा द्या. पुढे जे जे व्हायला काही दशकं लागली त्यातलं बरंचसं त्या दिवशी त्या बोलून गेल्या होत्या. पुढच्याच वर्षी, १९५१ मध्ये, नव्या घटना-न्यायालयावर नेमणूक झाली. दोन्ही सिनेट मिळून एकटी बाई आणि १९६३ ला निवृत्त होईपर्यंत एकटीच.

डिसेंबर १९५३ मध्ये न्यायालयाने पहिला दणका दिला. संसद झोपली म्हणून समानता थांबत नाही, ती १ एप्रिलपासून लागू झालेली आहे आणि नवा कायदा होईपर्यंत न्यायाधीशांनी तिच्याच आधाराने खटले निकाली काढावेत. अराजक माजेल अशी ओरड झाली होती. तसं काही झालं नाही.

मग आला तो १९५७ चा कायदा. संसारातला नवऱ्याचा निर्णयाधिकार संसदेने काढला, पण मुलांच्या बाबतीतला ठेवला. चॅन्सेलर आडेनाउअर यांचं सरकार, कुटुंबमंत्री वुर्मेलिंग कट्टर कॅथलिक, चर्च पाठीशी. सत्ताधारी पक्षातल्याच एलिझाबेथ श्वार्ट्सहाउप्ट यांनी विरोध केला (त्या पुढे १९६१ मध्ये देशाच्या पहिल्या महिला केंद्रीय मंत्री झाल्या), पण बहुमत वडिलांच्या बाजूने. तेव्हा काही आयाच घटना-न्यायालयात गेल्या.

मला त्या निकालात महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट: भांडण झाल्यावर कोण जिंकणार हे कायद्याने आधीच लिहून ठेवलं, की जिंकणाऱ्याला समोरच्याचं ऐकून घ्यायचं कारणच उरत नाही. ते कलम वापरावंही लागत नाही. ते आहे एवढं माहीत असलं तरी आई आधीच गप्प बसते. म्हणूनच 'आईचं मत लक्षात घ्यावं' ही पुस्ती मला मूळ कलमापेक्षा जास्त झोंबते.

---

शेंगदाणा

छान लिहिलंय. एक शंका, रागावू नका. जहाजाला दोन कप्तान चालतात का? दोघं आपापल्या मतावर अडून बसले तर पोराचा शाळाप्रवेश राहायचा लटकत. मग काय, दरवेळी कोर्टात जायचं?

---

रानजाई

शेंगदाणा, रागावते कशाला, सरकारी पक्षाचा युक्तिवाद नेमका हाच होता. कुटुंब एकसंध राहायचं तर कुणीतरी एकाने अंतिम ठरवलं पाहिजे. पण त्या 'कुणीतरी'वरून 'वडिलांनी'वर उडी कशी मारली, याचं उत्तर परंपरा आणि निसर्ग यापलीकडे कुणाकडे नव्हतं.

कोर्टाचं म्हणाल तर हो, अगदीच अडलं तर कोर्ट. आजचं कलम १६२८ वाचा, फार हुशारीने लिहिलंय. महत्त्वाच्या एखाद्या बाबतीत एकमत होत नसेल तर कुटुंब न्यायालय तेवढ्या एका बाबीपुरता निर्णयाचा अधिकार दोघांपैकी एकाला देतं. शाळा कुठली ते न्यायाधीश सांगत नाही, ते कोण ठरवेल एवढंच सांगतो. २०१७ मध्ये सर्वोच्च दिवाणी न्यायालयापर्यंत गेलेलं प्रकरण आहे: वेगळे राहणारे आईवडील, लहान मुलगी, वडील म्हणतात शिफारस केलेल्या सगळ्या लशी द्या, आईचा लशींवर विश्वास नाही. अधिकार मिळाला वडिलांना. पुरुष म्हणून मिळाला नाही, त्या एका प्रश्नात त्यांची भूमिका तज्ज्ञ समितीच्या शिफारशीला धरून होती म्हणून मिळाला. आणि दोन कप्तानांचं म्हणाल, तर तिकडची कोट्यवधी घरं साठ-पासष्ट वर्षं बुडालेली नाहीत.

---

वकीलीणबाई

रानजाई, धाग्याबद्दल आभार. आपल्याकडची गोष्ट जोडते, कारण ती जवळजवळ याच कलमाची आहे.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम १९५६, कलम ६. अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक कोण? 'पिता, आणि त्याच्यानंतर माता'. १९८४ मध्ये लेखिका गीता हरिहरन यांनी लहान मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रिलीफ बाँड घ्यायला अर्ज केला. नवरा-बायको दोघांनी मिळून ठरवलं होतं की पालक म्हणून आई सही करेल. बँकेने अर्ज परत पाठवला: वडिलांची सही आणा, नाहीतर पालकत्वाचं प्रमाणपत्र आणा. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. निकाल कधी? फेब्रुवारी १९९९. म्हणजे बाँड मागितले तेव्हाचं लहान मूल तोवर मोठं झालेलं.

न्यायालयाने कलम रद्द केलं नाही. 'त्याच्यानंतर' म्हणजे 'त्याच्या मृत्यूनंतर' असं वाचू नका, 'त्याच्या अनुपस्थितीत' असं वाचा, म्हणजे घटनेशी जुळेल, असा मार्ग काढला. वडील लक्ष घालत नसतील, दूर असतील, किंवा दोघांनी तसं ठरवलं असेल, तर आई पालक. अशिलाला त्या दिवशी दिलासा मिळाला हे खरंच. पण कार्ल्सरूहेने कलम उडवलं आणि दिल्लीने त्याला इस्त्री केली, हा फरक राहतोच. २०१५ मध्ये विधी आयोगाने आपल्या २५७ व्या अहवालात सांगितलं की दोघांना एकाच वेळी, सारखं पालकत्व द्या. कलमाचे शब्द आहेत तिथेच आहेत.

अवांतर: १९५९ सालीच फेब्रुवारीत ॲना चांडी केरळ उच्च न्यायालयात न्यायाधीश झाल्या. उच्च न्यायालयातली देशातली पहिली बाई. मुंबई उच्च न्यायालयाला पहिली बाई मिळाली १९७८ मध्ये, सुजाता मनोहर.

---

तिरफळ

वकीलीणबाई, १९९९ चा निकाल म्हणता, त्यानंतर चांगली सात-आठ वर्षं उलटल्यावर मी मुलीचं बचत खातं उघडायला गेले होते. बँकेचं नाव घेत नाही. फॉर्मवर पालक म्हणून मी सही केली होती. काउंटरवरच्या भाऊसाहेबांनी काचेखालून फॉर्म परत सरकवला, माझ्या सहीच्या बाजूला पेन्सिलीने फुली. "मिस्टरांना पाठवा, दोन मिनिटांचं काम आहे." मिस्टर बोटीवर, सहा महिने येणार नव्हते. तसं सांगितलं तर म्हणाले, "मग आले की या, घाई काय आहे?"

आम्हाला या निकालाचा पत्ताच नव्हता. शेवटी मॅनेजर बाईंनी आत बोलावून सही घेतली, तीसुद्धा माझ्यावर उपकार केल्यासारखी. आज हे वाचून कळलं की 'अनुपस्थितीत' या शब्दात माझे बोटीवरचे मिस्टर चपखल बसत होते!

---

कोपरखळी

कौतुकाच्या वर्षावात थोडा मिठाचा खडा टाकतो.

एक, शेफ्लरबाई त्या सिनेटवर होत्या हे ठीक, पण निकाल सिनेटचा. एवढ्या पुरुषांनीही त्यावर सह्या केल्या. सगळं श्रेय एका बाईला का?

दोन, याच पहिल्या सिनेटने मे १९५७ मध्ये पुरुषांमधल्या समलैंगिक संबंधांना शिक्षा देणारं कलम घटनेत बसतं असा निकाल दिला. बायकांना तीच शिक्षा नाही, मग समानतेचं काय, असं विचारलं गेलं तर उत्तर काय? स्त्री-पुरुष शरीराने वेगळे आहेत, तुलनाच होत नाही. म्हणजे समानतेचं कलम हवं तेव्हा ताणायचं, नको तेव्हा गुंडाळायचं.

---

रानजाई

कोपरखळी, दुसऱ्या मुद्द्यावर मी वाद घालणार नाही. तो निकाल लाजिरवाणा आहे. त्या कलमाखाली नाझी काळात तुरुंगात आणि छळछावण्यांत गेलेल्यांपैकी किती जणांना युद्धानंतरही तेच कलम लागत राहिलं. बाईंनी त्यात कुठल्या बाजूने मत दिलं हे आपल्याला कळायची सोय नाही, कारण तेव्हा मतभेदाचं निकालपत्र छापायची पद्धतच नव्हती, ती १९७० च्या शेवटी सुरू झाली. पण म्हणून त्यांना त्यातून अलगद बाहेर काढणं मला बरोबर वाटत नाही.

श्रेयाबद्दल: मीही 'शेफ्लरांचा निकाल' असं म्हटलेलं नाही. पण १९५० चं भाषण आणि १९५९ चा निकाल शेजारी ठेवून पाहा. खोलीत एकच माणूस असा होता ज्याने हा विषय नऊ वर्षं आधी कलमवार मांडून ठेवला होता. चर्चेत त्याचं वजन पडलं नसेल, असं मानायला मी तयार नाही.

---

नेकारकाठ

स्टुटगार्टहून लिहितोय. इथल्या पोरींना सांगितलं तर खोटं वाटतं, पण १९५७ च्या कायद्यानेही 'घर सांभाळणं बायकोचं काम' हे कलम ठेवलंच होतं. नोकरी करायला तिला मुभा, पण संसाराच्या कर्तव्यांशी जुळत असेल तर! ते गेलं १ जुलै १९७७ ला. लग्नात आडनाव कुणाचं यावर एकमत नसेल तर नवऱ्याचं, हा नियम तर १९९१ पर्यंत टिकला. तोही कार्ल्सरूहेनेच मोडला. म्हणजे रानजाई म्हणतात तो 'शेवटचा शब्द' एकेका खोलीतून हाकलावा लागला.

आणखी एक निकाल सांगायचा राहिला, तो या धाग्यातल्या अनेकांच्या खिशाशी संबंधित आहे. जानेवारी १९५७. तोवर नवरा-बायकोचं उत्पन्न एकत्र करून कर लावत. कर चढत्या दराने असल्यामुळे बायको कमवायला लागली की तिच्या उत्पन्नावर पहिल्या पैशापासून वरचा दर. त्यामागे हिशेब असाही होता की बायको कंटाळून घरी बसेल. न्यायालयाने (हीच पहिली सिनेट) सांगितलं, लग्न केलं म्हणून जास्त कर लावणं घटनाबाह्य आहे. बायकांना घरी बसवण्यासाठी कर वापरता येणार नाही.

गंमत पुढे आहे. सरकारने १९५८ मध्ये त्यावर उपाय काढला तो असा: दोघांची बेरीज करा, दोन भाग करा, प्रत्येक भागावर कर काढा. ऐकायला समान. प्रत्यक्षात एक खूप कमावतो आणि एक काहीच नाही, अशा जोडप्याला सगळ्यात जास्त फायदा! इथे नव्याने आलेल्या मराठी जोडप्यांना सांगतो: जास्त पगारवाल्याला करवर्ग (दरमहा पगारातून किती कर कापायचा ते यावरून ठरतं) ३ आणि कमी पगारवाल्याला ५ असं सुचवलं जातं, बहुतेक वेळा ५ बायकोच्या वाट्याला येतो. वर्षअखेरीस विवरणपत्र भरल्यावर घराचा हिशेब सारखाच होतो हे खरं. पण तिच्या दरमहाच्या पगारपत्रकावर हातात येणारा आकडा एवढासा दिसतो आणि बेकारी भत्ता, बाळंतपणानंतरचा पालक भत्ता हे त्या निव्वळ आकड्यावरून ठरतात. मूल व्हायचं असेल तर वर्ग वेळेत बदलून घ्या. दोघांनाही ४ करा.

---

शेंगदाणा

नेकारकाठ, हे आमच्या बहिणीला आजच पाठवतो, म्युनिकला आहे ती. पाचच वर्ग आहे तिचा.

---

गोंयकार_बाब

उत्पन्नाचे दोन भाग म्हटल्यावर आम्ही गोंयकार गप्प कसे बसणार! जर्मनीला जायला नको, आयकर कायद्यातली गोव्यासाठीची तरतूद (१९६१ च्या कायद्यात कलम ५क) बघा. गोव्याच्या पोर्तुगीज नागरी संहितेनुसार लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता सामाईक, अर्धी-अर्धी. म्हणून भाडं, व्याज, धंद्यातला नफा हे सगळं निम्मं-निम्मं करून दोघांच्या विवरणपत्रात दाखवायचं. पगार मात्र ज्याचा त्याच्याकडे.

लोक गोव्याचं कौतुक करतात ते रास्तच. घर-जमीन विकायची तर खरेदीखतावर बायकोची सही हवीच. भावाभावांची वाटणी असली तर वहिन्यांच्याही सह्या लागतात, एक जरी परदेशात असली तर मुखत्यारपत्र येईपर्यंत सगळे ताटकळत. पण मूळ संहितेत या सामाईक मालमत्तेचा कारभार मात्र नवऱ्याकडे होता, बायकोकडे तो नवरा नसताना किंवा असमर्थ असताना. अर्धी मालकी तुझी, चाव्या माझ्याकडे. १८६७ ची संहिता ती. लिस्बन काय, बर्लिन काय, दिल्ली काय.

---

निवृत्त_तलाठी

हे सगळं शहरी चाललंय, जरा रानातलं सांगतो. नोकरीत असताना सातबारावर बायकोचं नाव दिसायचं ते बहुतेक वेळा नवरा गेल्यावर, वारस म्हणून. त्याच्या हयातीत क्वचित. शेतात राबणारी ती, पण तिच्या नावाने पीककर्ज नाही, कारण उताऱ्यावर नाव नाही.

शेतकरी संघटनेने शरद जोशींच्या काळात लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती, आठवत असेल. नवऱ्याने हयातीतच आपणहून थोडी जमीन बायकोच्या नावावर करायची. गावंच्या गावं त्यात उतरली. पुढे सरकारनेही परिपत्रक काढलं, की नवऱ्याने अर्ज केला तर बायकोचं नाव सहधारक म्हणून लावावं. माझ्या सज्जात (माझ्याकडच्या गावांत) असे अर्ज आले, पण फार थोडे. एक गृहस्थ अर्ज देऊन गेले आणि आठ दिवसांनी भावाला घेऊन परत न्यायला आले. बायको मागे दाराशी उभी होती. तिला मी विचारलं, "तुमचं काय म्हणणं?" तर भाऊच म्हणाला, "तिचं काय म्हणणं असणार?"

उलट बहिणींची हक्कसोडपत्रं मात्र रांगेने यायची, गाडी करून, जेवण घालून.

---

वकीलीणबाई

तलाठीभाऊ, जमिनीचाच एक निकाल शेफ्लरबाईंच्या कारकिर्दीच्या अखेरीचा आहे. मार्च १९६३. वायव्य जर्मनीत शेत अखंड राहावं म्हणून ते एकाच वारसाला जायचं, पण मुलीआधी मुलाचा नंबर. ते प्राधान्यही याच न्यायालयाने रद्द केलं. शेताचे तुकडे नकोत हे मान्य, पण मग थोरली मुलगी का नको? हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणीने हे विचारलं तर आपल्याकडे काय उत्तर देतील, कल्पना करवत नाही.

आणि महाराष्ट्राला या बाबतीत इतिहास नाही असं कुणी म्हणू नये. रखमाबाईंना मुंबई उच्च न्यायालयाने १८८७ मध्ये सांगितलं होतं, नवऱ्याकडे नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल. १८८८ मध्ये तडजोड झाली, त्या विलायतेला गेल्या आणि डॉक्टर होऊन आल्या. नांदायला येण्याचा दावा अजूनही हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये आहे, दोघांनाही लावता येतो म्हणून तो समान म्हणायचा! आंध्र उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये ते कलम घटनाबाह्य ठरवलं, सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये पुन्हा उभं केलं. यावर वेगळा धागा काढते, इथे नको.

---

कोपरखळी

काढाच. तिथेही मीठ घेऊन येतो.

---

तिरफळ

तलाठीकाका, सासऱ्यांची जमीन आता मिस्टरांच्या नावावर आहे, कणकवलीजवळ. मिस्टर माझं नाव लावायला तयार आहेत (हा धागा वाचायला दिला!). बक्षीसपत्र करावं लागेल का?

---

निवृत्त_तलाठी

ताई, लक्ष्मीमुक्तीखाली सहधारक म्हणून नाव लावायचं असेल तर बक्षीसपत्र नको. मिस्टरांनी स्वतःच्या सहीने अर्ज करायचा, सोबत चालू सातबारा, आठ-अ आणि दोघांची ओळखपत्रं. अर्ज तहसील कार्यालयात द्या आणि पोच घ्या, पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. आणि जमीन वडिलोपार्जित आहे म्हणताय, तर दीर-नणंदांची नावं उताऱ्यावर आहेत का ते आधी बघून घ्या. असतील तर मिस्टरांच्या हिश्श्यापुरतंच होईल.